कागदावर नसलेला मुलगा

मी एक बाक बोलतोय. लोणावळ्याहून कुसगावाकडे निघालात की उताराला कौलारू खोल्यांच्या दोन रांगा लागतात. त्यातल्या पहिल्या रांगेच्या ओसरीवर, भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. या, बसा. डावीकडचा पाय जरा डुगडुगतो, तेवढा सांभाळा.

माझ्या अंगावर चार भोकं आहेत. नवीन माणूस त्यात बोट घालून बघतो आणि विचारतो, ही कशाची? ती खिळ्यांची. बाक होण्याआधी सतरा वर्षं मी घाटात रुळांखाली आडवा होतो. मी सागवानी स्लीपर. कुठल्या रानात वाढलो ते आता आठवत नाही. अंगावरून इतकी वर्षं आगगाड्या गेल्यावर झाडपण कुणाच्या लक्षात राहणार? पण मला ज्यांनी जमिनीत बसवलं, त्यांचे हात मात्र लक्षात आहेत.

घण कोंडाजी येवल्याच्या हातात होता. खडीची घमेली त्याची बायको बयाबाई टाकत होती. बाजूला उभा राहून रुळाची ओळ बघत होता तो गँगचा मुकादम भिमाजी. ही सारी माणसं रुळाच्या कडेला रेल्वेच्या झोपड्यांत राहायची. शेजारच्या झोपडीत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला राजमहंमद आणि त्याची बायको जैनब. बयाबाई आणि जैनब पाणी भरायला एकत्र जायच्या, आणि एकीचं भांडं दुसरीच्या घरात सापडलं तर कुणाला नवल वाटत नसे.

एकोणीसशे चौदाच्या पावसाळ्यात दरड आली. वरून निम्मा डोंगर सुटला, आणि त्याखाली कोंडाजी गेला. त्याच्या जागी त्याचा मुलगा गेणू कामाला लागला. अठरा वर्षांचा, बापासारखाच रुंद खांद्याचा. पण घाटाकडे त्याला बघवत नव्हतं. दरड जिथे आली होती, तिथून जाताना तो मान खाली घालून चालायचा. दोन वर्षांनी लढाईवर माणसं भरती करणारे आले. समुद्रापलीकडे, इराकातल्या बसऱ्याला रूळ टाकायला माणसं हवी होती.

"आये, मी जातो," तो म्हणाला. मायलेकरं तेव्हा माझ्यापासून चार हातांवर उभी होती.

"तितं बी रूळच हायेत न्हवं? मग हितलं काय वाईट?" बयाबाई म्हणाली.

"तितं डोंगूर न्हाईत."

ती रागावली. जायचं तर जा, पण मग माझं तोंड बघू नकोस, असं म्हणाली. रागात माणसं जे बोलतात, ते बोलली. गेणू गेला. बसऱ्याहून त्याची दोन पत्रं आली. लढाई संपल्यावर कराचीहून एक कार्ड आलं. तेवढ्यात बयाबाईचे हात थकले, घमेली उचलेना, आणि कामाबरोबर झोपडीही गेली. ती कधी कामशेतला भाताच्या गिरणीशी पाखडायला, कधी लोणावळ्यात कुणाच्या पडवीला, अशी राहू लागली. पुढं पत्रं आली असतील तर ती रिकाम्या झोपडीच्या पत्त्यावर आली असतील. तिच्यापर्यंत एकही पोचलं नाही.

माझंही त्याच सुमारास झालं. सतरा वर्षांनी माझं एक टोक पिचलं. मला उपटून कडेला टाकलं आणि लिलावात काढलं. त्या लिलावात भिमाजी मुकादमानं आम्हा चार स्लीपरांना विकत घेतलं. तोही तेव्हा निवृत्त होऊन झोपडी सोडायच्या बेतात होता.

आयुष्यभर दुसऱ्याच्या छपराखाली राहिलेल्या माणसाला म्हातारपणी छप्पर कुठून मिळणार? हा प्रश्न एकट्या भिमाजीचा नव्हता. घाटात हाडं झिजवलेली पंधरावीस माणसं तशीच उघड्यावर येत होती. कुणाची गावात जमीन नाही, कुणाच्या भावकीनं दार लावलेलं. मालधक्क्यावर कारकुनी केलेले हौशीराम म्हणून एक गृहस्थ होते. लिहिता-वाचता येणारे ह्या लोकांत ते एकटेच. त्यांनी एक दिवस बातमी आणली.

मुंबईत एका कापसाच्या व्यापाऱ्यानं मरताना मोठा धर्मादाय निधी ठेवला होता. म्हाताऱ्या, कष्टकरी माणसांना राहायला खोल्या बांधून द्यायच्या, हे त्याचं एक काम. पण हा निधी नुसतं दान करत नसे. माणसांनी सहकारी संस्था काढायची, प्रत्येकानं आपला लहानसा भाग भरायचा, जागा बघायची, अंगमेहनत करायची. मग चारातले बाकीचे तीन हिस्से खर्च निधीवाले देणार. खोली कुणाच्या मालकीची नाही, संस्थेची. सभासद असेतोवर राहील, मागून ती पुढच्या गरजूला. आणि सभेत मुकादम असो की घमेली टाकणारी बाई असो, हात एकच वर करायचा.

मग राजमहंमद म्हणाला, "म्हंजे कुणी हाकलू शकनार न्हाई?"

"कुणी म्हणजे कुणी नाही," हौशीराम म्हणाले.

मला ती सभा चांगली आठवते, कारण ती माझ्यावर बसूनच झाली. मी अजून बाक झालो नव्हतो. मुकादमाच्या अंगणात नुसता पडलो होतो.

अडचण पुढं आली. संस्था नोंदवायला दहा सभासद लागत होते. नऊ जमले. दहावी बयाबाई. निधीवाल्यांचं अटी कळवणारं पत्र इंग्रजीत होतं. हौशीरामांचं इंग्रजी म्हणजे पोती, पिंपं, वजन आणि पावत्या एवढ्यापुरतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सातवं कलम जरा कडक आहे. मूल नसलेल्यांनाच खोली मिळेल."

बाकीच्या नऊ जणांना मूलबाळ नव्हतं, किंवा होतं ते पटकीत आणि तापात गेलेलं होतं. सगळ्यांचे डोळे बयाबाईकडे वळले.

"बयाबाई, गेणूचं पत्र येऊन किती वर्सं झाली?" मुकादमानं विचारलं.

"सहा झाली."

"असला तरी कुटं हाय, ठावं न्हाई. तू ल्योक हाय म्हनलीस तर आमी नऊच राहतो. नवांची संस्था होत न्हाई."

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याच्या मागं नऊ म्हातारी माणसं होती आणि तोंडावर पावसाळा होता.

जैनब मात्र मध्ये पडली. "बया, लेकाला कागदावर मारू नगं."

"मारत न्हाई गं," बयाबाई म्हणाली. "नुसतं न्हाई म्हनते."

हौशीरामांनी लिहिलं: बयाबाई कोंडाजी येवले, विधवा, मूलबाळ नाही. शाईची डबी माझ्यावर ठेवली होती. तिनं अंगठा बुडवला, कागदावर टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. शेवटी हौशीरामांनीच हळूच तिचं मनगट धरून हात बाजूला केला.

कुसगावच्या रखमाजी नावाच्या शेतकऱ्यानं उतारावरचा खडकाळ तुकडा स्वस्तात दिला. निधीचा पहिला हप्ता आला. ह्या म्हाताऱ्यांनी स्वतः दगड वाहिले. सत्तावीस साली दहा खोल्या उभ्या राहिल्या. तळेगावहून हमीद सुतार आला, त्यानं दारं-खिडक्या बसवल्या आणि उरलेल्या लाकडातून मला घडवलं. माझं पिचलेलं टोक कापताना तो म्हणाला, "जुना हाय, पण पोटात घट हाय." त्या दिवसापासून मी बाक झालो. रुळाखाली असताना माणसं माझ्यावरून धावत जायची, बसत कुणीच नसे. इथे पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर टेकून "आई गं" म्हणालं, आणि मला बरं वाटलं.

ती दोन वर्षं सुखाची होती, हे सांगायलाच हवं. सकाळी राजमहंमद उजव्या टोकाला बसून विडी ओढायचा. मुकादम गाडीचा आवाज ऐकून ती किती मिनिटं उशिरा आहे ते सांगायचा, आणि हौशीराम घड्याळ काढून ते खोटं पाडायचे. बयाबाईनं खोलीच्या कडेला घेवड्याचा वेल लावला. महिन्याच्या सभेत ती हात वर करायची तेव्हा दोन्ही बाजूंना बघून घ्यायची, की आपला हात खरंच मोजला ना. पाऊस लागला की ती दारात बसून कौलांकडे बघायची. एकही थेंब आत येत नाही याचं तिला फार नवल वाटे. गेणूचं नाव ती घेत नसे. घेतलंच तर जैनबजवळ, आणि तेही आवाज खाली करून.

मग दुसऱ्या रांगेची गोष्ट निघाली. अजून सहा म्हातारी माणसं यादीत होती. एक बाई तर मालधक्क्याच्या पत्र्याखाली राहत होती. शालूबाई तिचं नाव. निधीवाल्यांनी कळवलं, आमचे चिटणीस येऊन पहिली रांग बघतील, कागद तपासतील, आणि सगळं नीट असेल तर दुसरीसाठी मदत मंजूर होईल.

एकोणतीस साल, मार्गशीर्षातला दिवस. ओसरी सारवली होती. चिटणीससाहेब उतारवयाचे, शांत, हळू बोलणारे गृहस्थ होते. माझ्यावर बसून त्यांनी कागद मांडीवर घेतले. एकेकाला जवळ बोलावून नाव विचारत होते, खोलीत काही त्रास आहे का विचारत होते. हौशीराम बाजूला उभे राहून यादी वाचत होते.

"बयाबाई कोंडाजी येवले. विधवा. मूलबाळ नाही."

बयाबाई पदर सावरून पुढं झाली. त्याच वेळी, पत्ता विचारत विचारत आलेला एक माणूस आवारात शिरला. अंगात कोट, डोक्याला फेटा नाही, हातात पत्र्याची पेटी. कानाजवळ केस पांढरे व्हायला लागलेले. पण खांदे कोंडाजीचे होते. मी ते घण उचलताना पाहिलेत, मला सांगायला कुणी नको होतं.

"आये!" तो म्हणाला.

मुकादम जमिनीकडे बघत राहिला. हौशीरामांनी यादी उलटी करून छातीशी धरली.

"हे कोण?" चिटणीसांनी विचारलं.

बयाबाईनं मुलाकडे बघितलं. मग आवाराच्या कडेला बघितलं, तिथं शालूबाई आणि यादीतली आणखी माणसं साहेबांना बघायला येऊन बसली होती. मग ती म्हणाली, "मला न्हाई ठावं, साहेब. दुसऱ्या कुनाची आई हुडकत आसंल."

एवढं बोलायला तिला किती वेळ लागला, कोण जाणे. मला तो माझ्या सतरा वर्षांहून लांब वाटला.

गेणू तिथंच उभा राहिला. त्यानं आईकडे पाहिलं, साहेबाच्या मांडीवरच्या कागदांकडे पाहिलं, दहा दारांकडे पाहिलं. हौशीरामांनी नुकतंच मोठ्यानं वाचलेलं त्याच्या कानावर पडलेलं असणार. तो हुशार होता. त्यानं पेटी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"चुकलो साहेब," तो म्हणाला. "आमच्या गावातली म्हातारी वाटली."

जैनब आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. गेणू उभ्यानंच पाणी प्यायला, त्यानं तांब्या परत दिला, आणि बयाबाईकडं न बघता, ओसरीच्या खांबाशी बोलावं तसं विचारलं, "मावशी, हितं पाऊस लागत न्हाई ना आत?"

उत्तर बयाबाईनं दिलं. "न्हाई. येक थेंब न्हाई."

"मग बरं हाय," तो म्हणाला, आणि गेला.

राजमहंमद मागच्या बाजूनं निघाला. गुडघे धरलेले, तरी पळाला. स्टेशनात पोचला तेव्हा मुंबईकडची गाडी सुटली होती. फलाटावर कुणीच नव्हतं. इकडे चिटणीस तासभर बसले, चहा घेतला, घेवड्याच्या वेलाचं कौतुक केलं आणि समाधानानं गेले. बयाबाई तोवर साहेबांसमोर उभी होती. ते दिसेनासे झाल्यावर ती जिथं उभी होती तिथंच खाली बसली.

"मुकादम, साहेबाला आत्ताच्या आत्ता कळवा," ती म्हणाली. "माजी खोली काढून घ्या म्हनावं. मी जाते त्याच्यामागं."

"बयाबाई, कागद खोटा निघाला तर तुजी येकटीची खोली जानार न्हाई. समद्यांची जाईल. शालूबाई पत्र्याखालीच ऱ्हाईल."

"आन् माजा ल्योक?"

जैनबनं तिला उठवून आत नेलं. मी ओसरीवर रिकामा राहिलो. त्या दिवशी माझ्यावर पुन्हा कुणी बसलं नाही.

जुन्या कार्डावरच्या पत्त्यावर कराचीला पत्र गेलं. चार महिन्यांनी तिथल्या कारखान्यातून उत्तर आलं, की गेणू कोंडाजीनं काम सोडलंय आणि तो आफ्रिकेच्या बोटीनं गेलाय. दुसऱ्या रांगेचं काम तोवर सुरू झालं होतं. बयाबाई रोज तिथं जाऊन गवंड्यांना पाणी द्यायची. माणसं म्हणायची, म्हातारीला किती हौस. मला ठाऊक होतं, ती कौलं चढायची वाट बघत होती.

कौलं चढली. शालूबाईनं आपलं बोचकं नव्या खोलीत ठेवलं. तीस साल सरताना चिटणीस पुन्हा आले, आणि ते माझ्यावर बसतात न बसतात तोच बयाबाई समोर येऊन उभी राहिली. तिनं आपली वळकटी बांधून बरोबरच आणली होती.

"साहेब, म्या लबाडी केली. मला ल्योक हाय. मागल्या वर्सी आलता तो माजाच. ह्या लोकांचा काय गुन्हा न्हाई, मीच खोटं सांगितलं. माजी खोली घ्या, बाकीच्यांना ऱ्हाऊ द्या."

मुकादमानं डोळे मिटले. हौशीराम पुढं आले आणि म्हणाले, "साहेब, लिहिलं मी. शिक्षा मला करा."

चिटणीस गोंधळले. "पण खोली का घ्यायची?" ते म्हणाले. "मुलगा सांभाळतो का तुम्हाला?"

"न्हाई. लांब आसतो."

"मग झालं तर. नियम एवढाच आहे की सांभाळणारं मूल नसावं. मूलच नसावं, असं कुणी सांगितलं?"

हौशीराम आत गेले आणि ते जुनं पत्र घेऊन आले. चिटणीसांनी सातव्या कलमावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द मराठीत सांगितला. ‘सांभाळणारं’ हा एक शब्द हौशीरामांच्या मालधक्क्यावरच्या इंग्रजीत नव्हता. तो त्यांनी तेव्हा सोडून दिला होता. इंग्रजी पत्रात एखादा शब्द सोडला तर काय बिघडतं, असं त्यांना वाटलं असेल.

"मला आधी एक कार्ड टाकून विचारलं असतंत, तर मी लगेच कळवलं असतं," चिटणीस म्हणाले. "अहो, मागल्या वर्षी मी इथंच बसलो होतो. मलाच विचारायचं."

बयाबाई हसली. ते हसणं मला आवडलं नाही. ती वळकटी उचलून पुन्हा खोलीत गेली. खोली तिची राहिली. सगळ्यांच्या खोल्या राहिल्या. कुणाचंच काही गेलं नाही, फक्त एक माणूस गेला.

त्या दिवसानंतर हौशीराम माझ्यावर बसले नाहीत. जागा असली तरी खाली पायरीवर बसायचे. बयाबाई एकदा त्यांना म्हणाली, "भाऊ, वर बसा. तुमी मुद्दाम केलं न्हाई." ते म्हणाले, "मुद्दाम केलं असतं तर माफी तरी मागता आली असती." लोणावळ्यातल्या शाळेच्या एका मास्तरांकडे जाऊन ते साठीनंतर इंग्रजी शिकायला लागले. कुणाचा कागद आला की एकेक शब्द तीनतीनदा विचारून घ्यायचे. पण बयाबाईच्या डोळ्याला डोळा देताना त्यांना मी कधी पाहिलं नाही.

बत्तीस साली पोस्टमन एक पाकीट घेऊन आला. वर आफ्रिकेतल्या मोंबासाचा शिक्का. बयाबाई माझ्यावर बसली, जैनब तिच्या शेजारी. हौशीराम पायरीवरून वाचू लागले. पत्र मराठीतच होतं, म्हणून त्यांचा आवाज स्थिर होता.

"आईस गेणूचा दंडवत. मी खुशाल आहे. इकडे रेल्वेत काम आहे. त्या दिवशी तू मला ओळखलं नाहीस, त्याचा राग धरलेला नाही. साहेबाच्या हातातला कागद मी पाहिला. मूल नसेल तरच खोली मिळते, हे मला कळलं. तू बरोबर केलंस. तेरा वर्षं मी तुला छप्पर दिलं नाही, ते ज्यांनी दिलं ते माझ्यापायी जाऊ नये. आता मी येणार नाही. माझा पत्ताही लिहीत नाही. लिहिला तर तू पत्र पाठवशील, आणि ते साहेबाच्या हाती पडलं तर तुझी खोली जाईल. पावसात भिजू नकोस. घेवडा छान आहे."

हौशीरामांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. आत बोट घालून बघितलं. पत्ता नव्हता.

"ते पुन्ना वाचा," बयाबाई म्हणाली. "खोली जाईल म्हनतो, तितनं."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"मी त्याला न्हाई म्हनले," ती जैनबला म्हणाली, "आन् त्यो आता सवताला न्हाई म्हनतोय. माज्याकडनंच शिकला."

मग हौशीरामांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. मोंबासाच्या रेल्वे कचेरीला, तिथल्या हिंदुस्थानी लोकांच्या मंडळांना, बंदरावरच्या व्यापाऱ्यांना. चिटणीससाहेबांनीही निधीच्या कागदावर दोन पत्रं लिहिली. काहींची उत्तरं आली. सगळ्यांत एकच होतं, की ह्या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. राजमहंमदला वाटायचं, त्यानं नाव बदललं असेल. मुकादमाला वाटायचं, आत कुठं तरी लांब रूळ टाकत असेल, जिथं पत्र पोचत नाही. बयाबाईला काय वाटायचं ते तिनं सांगितलं नाही. ती रोज सकाळी माझ्या डाव्या टोकाला बसायची. रस्ता दिसतो तिकडून. पण ती रस्त्याकडं तोंड करून बसत नसे. आडवी वळून रस्त्याला पाठ करून बसायची. एकदा जैनबनं विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यो आला आन् मी आदी बघितलं, तर पुन्ना पळंल. त्यालाच हाक मारू दे."

अडतीस सालच्या श्रावणात ती वारली. ताप चार दिवसांचा. उशाशी जैनब होती. शेवटच्या दिवशी दुपारी फार मोठा पाऊस झाला, आणि ती छपराकडे बघत पडून होती. आत थेंबही आला नाही.

तिच्या मागं खोली रीतीप्रमाणे यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. मुक्ताबाई नावाची बाई आली, खंडाळ्याच्या बंगल्यांत धुणीभांडी करून म्हातारी झालेली. खोली रिकामी झाल्याचा कागद निधीकडे पाठवायचा होता. त्यात मयत सभासदाची माहिती भरायची होती. हौशीराम तेव्हा फार थकले होते, तरी त्यांनी दुसऱ्या कुणाला लिहू दिलं नाही. मूलबाळ, ह्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं: एक मुलगा, गेणू कोंडाजी येवले, हयात. मग मुकादमाला म्हणाले, "हयात लिहिलंय. चालेल ना?" मुकादम म्हणाला, "दुसरं काय लिवनार?"

दोघंही आता नाहीत. राजमहंमदही गेला. जैनब आहे, पण तिला दिसत नाही. माझ्यावर बसते आणि माझी भोकं बोटानं चाचपते. दुसरी लढाई आली आणि गेली. घाटात विजेची इंजिनं धावतात, त्यांना स्लीपरांची कुरकूर ऐकू येत नाही. संस्था चालू आहे. सोळा खोल्यांत सोळा चुली पेटतात, सभेत हात वर होतात, आणि कुणी हाकलू शकत नाही. एवढं चांगलं काम माझ्या डोळ्यांदेखत उभं राहिलं. तो एक शब्द न गाळता ते उभं राहिलं असतं तर किती बरं झालं असतं, हे मात्र मनातून जात नाही.

मला वाळवी लागलीय. नवा बाक करायचा ठराव मागच्या सभेत झाला. माझी तक्रार नाही, माझं पुष्कळ झालं. जाण्याआधी तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्यातलं कुणी बोटीनं मोंबासाला जाणारं असेल, किंवा तिकडून आलेल्या कुणाला ओळखत असेल, तर रुळावर काम करणाऱ्या मराठी माणसांत विचारा. आता तो पन्नाशीचा झाला असेल. नाव बदललं असलं तरी खांदे रुंद असतील. त्याला सांगा, तुझी आई तुला ओळखत होती. आणि सांगा, बाबा रे, नियम तसा नव्हता. तू आला असतास तरी खोली गेली नसती.